भाषेचा वाद आणि वादाची भाषा

(बुलढाणा येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



विषयाचे नाव वाचून काहींनी भुवया उंचावल्या असतील. तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या, सत्तरी ओलांडलेल्या माणसाने संगणकाच्या भाषांवर काय बोलावे? प्रश्न रास्त आहे. प्रोग्रामची एकही ओळ आम्ही आयुष्यात लिहिलेली नाही. पण माणसे वाद कसा घालतात, हे मात्र आम्ही पस्तीस वर्षे शिकवले. आणि वाद घालण्यात ही संगणकवाली मंडळी आपल्या नैयायिकांच्या तोडीस तोड आहेत, हे आम्हाला अलीकडेच कळले.

झाले असे. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याची मुलगी पुण्यात नोकरी करते. गाव घाटाखालचे, शाळा मराठी, इंग्रजी पुढे कष्टाने कमावलेले. ती ज्या प्रोग्रामिंग भाषेत काम करते, त्या भाषेत एक छोटा बदल व्हावा असे तिला वाटले. या भाषा आता जगभर विखुरलेले लोक मिळून घडवतात, कोणीही सूचना लिहून मांडू शकतो. तिने मांडली. पहिले उत्तर एका ओळीचे आले. त्यात सूचनेबद्दल काहीच नव्हते, तिच्या इंग्रजीबद्दल होते. तिने सूचना काढून घेतली. दिवाळीला घरी आली तेव्हा आम्हाला म्हणाली, "सर, चूक असेल तर चूक म्हणा ना. पण काय चूक ते तरी सांगा."

हे वाक्य आमच्या मनातून काही केल्या जाईना. त्याला एक कारण आहे, ते शेवटी सांगतो.

आधी मूळ गोष्ट. प्रोग्रामिंग भाषा म्हणजे यंत्राला काम सांगण्याची माणसाने ठरवून घेतलेली रीत. आपली मराठी कोणी बसून ठरवली नाही, ती वाढली. ही भाषा मात्र ठरवावी लागते. वाक्य कुठे संपले हे कशाने कळणार? बेरजेचे चिन्ह शब्दांनाही लावता यावे का? एखाद्या नावाखाली काहीच साठवलेले नसेल, तर यंत्राने थांबायचे की पुढे जायचे? प्रत्येक ठिकाणी कोणीतरी निर्णय घेतलेला असतो. आणि निर्णय झाला, की असंख्य माणसे त्याच्यावर आपले काम उभे करतात. मग तो सहज मागे घेता येत नाही. गावात विहिरीची जागा ठरवताना भांडणे का होतात? कारण खणून झाल्यावर विहीर सरकवता येत नाही. तसंच आहे हे.

म्हणजे वाद होणारच, आणि व्हायलाच हवा. तो कसा व्हावा, एवढाच प्रश्न.

इथे आमचे जुने सामान कामाला येते. न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: वाद, जल्प आणि वितंडा. वादात दोन पक्ष असतात, पण दोघांनाही खरे काय ते जाणून घ्यायचे असते. जल्पात जिंकायचे असते, त्यासाठी शब्दांचे डाव चालतात. आणि वितंडेत तर स्वतःचा पक्षच नसतो. समोरच्याचे मोडायचे, बस्स! आता डाव कसले, तर त्यातला एक म्हणजे छल. त्याचे परंपरेतले उदाहरण मोठे गमतीचे आहे. कोणी म्हणतो, हा मुलगा 'नवकंबल' आहे, म्हणजे त्याच्या अंगावर नवी घोंगडी आहे. समोरचा विचारतो, नऊ घोंगड्या कुठे आहेत, दाखवा! 'नव' म्हणजे नवा आणि 'नव' म्हणजे नऊ. बोलणाऱ्याला काय म्हणायचे आहे हे त्याला पक्के ठाऊक असते, तरी तो दुसरा अर्थ धरतो. त्या मुलीच्या इंग्रजीवर हसणारा हेच करत होता.

दुसरे उदाहरण चरकसंहितेचे. तिच्या विमानस्थानात वैद्यांनी आपसांत चर्चा कशी करावी याचे सविस्तर विवेचन आहे. संधाय संभाषा म्हणजे सलोख्याने केलेली चर्चा आणि विगृह्य संभाषा म्हणजे झुंज, असे दोन भाग केले आहेत. वैद्यकाच्या ग्रंथात हे कशाला? कारण दोन वैद्य भांडत असतात तेव्हा खाटेवर रोगी पडलेला असतो. वाद कोण जिंकला याच्याशी त्याला कर्तव्य नसते. भाषेच्या रचनेच्या वादातही असा एक तिसरा माणूस असतो: उद्या ती भाषा वापरणारा. तो बहुतेक वेळा सभेत हजर नसतो.

आता हे सगळे आपल्या मराठीने कसे भोगले ते पाहू, म्हणजे संगणकाकडे जाणे सोपे जाईल.

दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण १८३६ साली आले. तिथपासून पाऊणशे वर्षे व्याकरणकार एकमेकांशी भांडत होते. विभक्ती किती, प्रयोग किती, अमुक शब्द क्रियापद की नाम. १९११ साली मोरो केशव दामल्यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' निघाले. दामल्यांची रीत बघा. मुद्दा घ्यायचा, आधीच्या व्याकरणकारांनी त्यावर काय म्हटले ते मांडायचे, त्यात बरोबर काय, अडते कुठे ते सांगायचे आणि मग स्वतःचे मत द्यायचे. पूर्वपक्ष आणि मग सिद्धांत. त्यामुळे आज शंभरावर वर्षांनी दामल्यांचे मत आपल्याला पटले नाही तरी पुस्तक उपयोगी पडते. नाकारलेली मते त्यात शाबूत आहेत ना!

दुसरा मोठा वाद लेखनाचा. जुन्या लेखनात 'तीं घरें', 'मीं आंबा खाल्ला', 'नांव', 'कांहीं' असे अनुस्वार असत. ते उच्चारात उरलेले नव्हते. साने, गोडबोले, हातवळणे या मंडळींनी लेखन सुधारण्याची सूचना मांडली, टिळकांनीही 'केसरी'तून या प्रश्नावर लिहिले. दोन्ही बाजूंकडे दम होता. एक बाजू म्हणे, अनुस्वार काही तरी सांगतो. 'मीं' लिहिले की ही तृतीया आहे हे डोळ्यांना दिसते, 'घरें' लिहिले की अनेकवचन कळते. दुसरी बाजू म्हणे, जे तोंडात नाही ते पोराने पाठ का करायचे? संगणकाच्या भाषांतला अर्धा वाद असाच असतो, बरं का. एक म्हणतो, सगळे उघड लिहा, म्हणजे वाचणाऱ्याला शंका राहणार नाही. दुसरा म्हणतो, लिहिणाऱ्यावर ओझे टाकू नका. दोघांच्याही मनात एकेक माणूस असतो, एकाच्या मनात वाचणारा आणि दुसऱ्याच्या मनात लिहिणारा. हे एकदा ओळखले की निम्मा राग उतरतो.

शेवट कसा झाला? १९६१ साली मराठी साहित्य महामंडळ स्थापन झाले, १९६२ साली त्याचे लेखनविषयक चौदा नियम शासनाने मान्य केले आणि १९७२ साली आणखी चार आले. न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. पण त्या नियमांतला एक नियम आम्हाला फार शहाणपणाचा वाटतो. केशवसुतांच्या आधीचे पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या आधीचे गद्य छापताना ते मुळाप्रमाणेच छापावे, असा तो नियम आहे. म्हणजे नवा नियम आला म्हणून जुना ग्रंथ अशुद्ध ठरला नाही. केशवसुत म्हणजे त्या मोरो केशव दामल्यांचे थोरले बंधू, हा एक सुंदर योगायोग. संगणकवाले आज ज्याची सर्वांत जास्त काळजी करतात ती हीच गोष्ट: नवी आवृत्ती आली तरी जुने लिखाण मोडता कामा नये.

आणि सभेत जो हजर नाही त्याचे काय होते, हेही आपल्या घरातच पाहा. आपण राहतो तो प्रदेश वऱ्हाड. हे नाव लिहायला 'ऱ्ह' लागतो, आडवा अर्धा र. हा र हिंदीला लागत नाही, आपल्याला लागतो. स्वयंपाक करणारा आचारी, त्याला सांगायचे तर 'आचाऱ्याला'. आणि गुरू असलेले आचार्य, त्यांना सांगायचे तर 'आचार्याला'. एका र मुळे माणूस चुलीपाशी बसतो की पीठावर, ते ठरते! देवनागरीचा संगणकासाठीचा तक्ता भारतात इस्की या नावाने झाला, युनिकोडने १९८८ च्या इस्कीवरून देवनागरी घेतली. संगणकावर मराठी नवी होती तेव्हा कित्येक ठिकाणी आमच्या प्रदेशाचे नाव 'वर्हाड' असे उमटायचे. कोणी मुद्दाम केले नव्हते. आज हा अर्धा र लिहिण्याचे दोन मार्ग युनिकोडला मान्य आहेत. एक नेहमीचा, आणि दुसरा आधीच्या आवृत्तीप्रमाणे लिहिलेले मोडू नये म्हणून ठेवलेला. पुन्हा तेच शहाणपण. आणि हे आपोआप होत नाही. 'आम्हाला हे अक्षर लागते, आणि का लागते' हे कोणाला तरी शांतपणे, उदाहरणे देऊन सांगावे लागते.

आता समुद्रापलीकडे जाऊ.

१९५८ साली झुरिचमध्ये आठ माणसे जमली, चार अमेरिकेची आणि चार युरोपची. सगळ्या यंत्रांवर चालेल अशी एक भाषा ठरवायची होती. तिचे नाव पुढे अल्गोल पडले. गाडी अडली कशावर? दशांश चिन्हावर! अमेरिकेत तीन पूर्णांक पाच लिहिताना टिंब देतात, युरोपात बऱ्याच देशांत स्वल्पविराम देतात. तिथे हजर असलेल्यांच्या आठवणींत नमूद आहे, की युरोपच्या एका प्रतिनिधीने टेबलावर मूठ आपटून आपण टिंब कधीच वापरणार नाही असे सांगितले. मोठमोठे गणिती, आणि बैठक ठप्प. त्या संध्याकाळी अमेरिकन गटातले वेगस्टाइन दोन्ही गोटांत जाऊन आले आणि त्यांनी तोडगा सुचवला. भाषेचे तीन स्तर माना. एक नियम सांगण्यासाठीचे मूळ रूप, एक छापण्यासाठीचे आणि एक प्रत्यक्ष यंत्रात घालण्यासाठीचे. छापताना ज्याला जे चिन्ह हवे ते त्याने वापरावे. मूळ रचनेला धक्का लागला नाही आणि कोणाला हार पत्करावी लागली नाही. आपल्याकडे घाटावरचा शेतकरी आणि घाटाखालचा शेतकरी पेरणीच्या दिवसावरून वाद घालू लागले तर शहाणा माणूस काय म्हणतो? अरे, जमीन वेगळी, पाऊस वेगळा, तुम्ही दोघेही आपापल्या जागी बरोबर. तसेच हे.

१९६० च्या जानेवारीत पॅरिसला पुन्हा बैठक झाली, या वेळी तेरा माणसे. डेन्मार्कचे पीटर नाउर सगळ्या चर्चेचा एक नीट मसुदा हाताशी घेऊन गेले होते, आणि त्या मसुद्यावरच काम पुढे सरकले. व्याकरणाचे नियम लिहिण्याची जॉन बॅकस यांची पद्धत त्यांनी वापरली. १९६७ साली पीटर इंगरमन यांनी संगणकशास्त्राच्या एका प्रमुख नियतकालिकाला पत्र लिहून सुचवले, की अशा नियमलेखनाचा मान पाणिनीकडे जातो, म्हणून तिला पाणिनी–बॅकस पद्धत म्हणावे. ही आपल्याला खरोखर अभिमानाची गोष्ट. पण इथे थोडे थांबू या. 'संस्कृत ही संगणकासाठी सर्वोत्तम भाषा आहे असे नासाने जाहीर केले' हा निरोप आपल्या सगळ्यांच्या मोबाइलवर येऊन गेला असेल. मूळ गोष्ट एवढीच, की १९८५ साली नासाच्या एका केंद्रात काम करणाऱ्या रिक ब्रिग्ज यांनी एक लेख लिहिला. संस्कृत शास्त्रकारांची वाक्याचा अर्थ उलगडून सांगण्याची रीत ही कृत्रिम बुद्धिमत्तेतल्या ज्ञान मांडण्याच्या रीतीशी जुळते, असे त्यांचे म्हणणे होते. लेख वाचनीय आहे. पण तो नासाचा निवाडा नव्हे. दुसऱ्याचे म्हणणे जसे आहे तसे सांगणे ही वादाची पहिली अट, आणि ती आपल्या कौतुकालाही लागू आहे.

अल्गोलच्या कथेत एक गालबोटही आहे. पॅरिसची बैठक संपल्यावर, फेब्रुवारीत, ॲम्स्टरडॅमहून नाउर यांना फोन गेला आणि अहवालात एक वाक्य वाढले. त्या वाक्यामुळे एखादी कृती स्वतःलाच पुन्हा हाक मारू शकते हे स्पष्ट झाले. रचना म्हणून ते वाक्य योग्यच होते. पुढच्या बहुतेक भाषांनी ते तत्त्व घेतले. पण बैठकीत नीट न ठरलेली गोष्ट फोनवर ठरली, याची सल काही सदस्यांच्या मनात कित्येक वर्षे राहिली. यावरून आम्ही शिकलो ते असे: निर्णय बरोबर असणे पुरेसे नाही, तो सगळ्यांच्या देखत झालेला असावा लागतो.

पुढे १९६८ साली त्याच घराण्यातली नवी भाषा, अल्गोल ६८, संमत झाली तेव्हा डाइक्स्ट्रा, होअर यांच्यासह आठ जणांनी मतभेदाचे पत्र सही करून दिले. निक्लाउस विर्थ त्याआधीच बाहेर पडले होते. त्यांनी आपली वेगळी, छोटी, नीटस भाषा केली, ती पास्कल. मतभेद जाहीर नोंदवणे आणि मग आपल्या मार्गाने चांगले काम करून दाखवणे, हाही सभ्य वादाचा एक शेवट आहे.

त्याच १९६८ सालचा दुसरा किस्सा. प्रोग्राममध्ये वाटेल तिथून वाटेल तिथे उडी मारायची आज्ञा असे, गोटू. डाइक्स्ट्रा यांनी तिच्याविरुद्ध टिपण पाठवले. त्यांचे शीर्षक साधे होते: गोटू आज्ञेच्या विरोधातली बाजू. संपादक होते विर्थ. त्यांनी ते लवकर छापता यावे म्हणून पत्र म्हणून छापले आणि शीर्षक बदलून गोटू घातक आहे, अशा अर्थाचे केले. त्या शीर्षकाने इतिहास घडवला आणि एक खोडही लावून दिली. पुढे अमुक घातक, तमुक घातक अशा लेखांची रांग लागली. १९८७ साली तर 'गोटू घातक' म्हणणेच घातक आहे, असा मथळा आला आणि मग त्यालाही घातक म्हणणारा! हा झाला जल्प. पण मधल्या काळात, १९७४ साली, डोनाल्ड नुथ यांनी एक दीर्घ निबंध लिहिला. गोटू नको म्हणणाऱ्यांची उदाहरणे घेतली, हवे म्हणणाऱ्यांचीही घेतली, कुठे काढल्याने भले होते आणि कुठे ठेवल्याने, ते प्रत्यक्ष प्रोग्राम लिहून दाखवले. दामल्यांची आठवण यावी असे ते काम आहे.

आता अगदी परवाची गोष्ट. पायथन ही भाषा आज आपल्या जिल्ह्यातल्या कॉलेजांतली मुलेही शिकतात. गिडो व्हान रॉसम यांनी ती केली, १९९१ साली पहिल्यांदा लोकांसमोर आणली. २००० सालापासून त्या भाषेत बदल सुचवायची एक रीत ठरलेली आहे. सूचना एका ठरावीक साच्यात लिहायची. का हवी, कशी चालेल, जुने काय मोडेल, आणि कोणते पर्याय विचारात घेऊन नाकारले. नाकारलेल्या कल्पनांसाठी चक्क वेगळे प्रकरण! हे वाचले तेव्हा आम्हाला मोठा आनंद झाला. आमचा पूर्वपक्ष सातासमुद्रापार जाऊन बसला आहे म्हणायचा.

पण साचा असला म्हणजे सगळे साधते असे नाही. २०१८ साली ५७२ क्रमांकाची सूचना आली. एखाद्या किमतीला नाव द्यायचे आणि त्याच दमात ती किंमत वापरायची, यासाठी नवे चिन्ह हवे, अशी ती सूचना. विसर्गासारखी दोन टिंबे आणि पुढे बरोबरचे चिन्ह. आडवे करून पाहिले तर सुळे असलेल्या वॉलरससारखे दिसते, म्हणून त्याला तेच नाव पडले. विषय एवढासा. वाद महिनोन्‌महिने चालला आणि कडवट झाला. शेवटी गिडोंनी सूचना मान्य केली आणि १२ जुलै २०१८ रोजी अखेरचा शब्द देण्याच्या आपल्या पदावरून ते दूर झाले. एका सूचनेसाठी इतके झगडायचे आणि इतक्या लोकांना आपला निर्णय तिरस्करणीय वाटायचा, हे आता पुन्हा नको, असा त्यांच्या निरोपाचा आशय होता. पुढच्या वर्षी पाच जणांचे निवडलेले मंडळ आले. वॉलरस २०१९ च्या आवृत्तीत आला, कोणी वापरतो, कोणी वापरत नाही, आकाश कोसळले नाही. विचार करा, ज्या चिन्हाने आकाश कोसळले नाही, त्याच्यापायी सत्तावीस वर्षे भाषा सांभाळणारा माणूस थकून उठला.

आता पूर्वपक्ष आमच्याच विरुद्ध मांडतो, नाही तर आम्ही शिकवले काय! कोणी म्हणेल, सर, ही भिडस्त माणसांची गोष्ट झाली. भीड ठेवली की वाईट रचना खपून जाते. दहा जणांना खूश करायला दहा गोष्टी भाषेत कोंबल्या जातात. त्यापेक्षा फटकळ बोललेले बरे.

या म्हणण्यात तथ्य आहे. सगळ्यांना खूश करत फुगलेल्या भाषा झाल्या आहेत. पण उत्तर टोनी होअर यांच्याकडे आहे. १९८० साली ट्यूरिंग पुरस्कार स्वीकारताना त्यांनी ॲडा या नव्या भाषेवर, ती फार गुंतागुंतीची आणि म्हणून धोक्याची आहे, अशी कडक टीका केली. शब्द मऊ नव्हते. पण त्याच भाषणात त्यांनी स्वतःच्या फसलेल्या कामाची कहाणीही सांगितली. पुढे २००९ साली तर आणखी एक कबुली दिली: १९६५ साली अल्गोलच्या एका आवृत्तीसाठी 'काहीच नाही' दाखवणारा संदर्भ आपण घातला, तो करायला सोपा होता म्हणून, आणि ती अब्ज डॉलरची चूक ठरली. आदर म्हणजे गोड बोलणे नव्हे, मित्रहो. आदर म्हणजे समोरच्याच्या युक्तिवादाला पुरे वजन देऊन मग त्यावर घाव घालणे, आणि त्याच तराजूत स्वतःलाही बसवणे.

आता सुरुवातीला राखून ठेवलेले कारण सांगतो.

चाळीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही तरुण होतो, नुकती डॉक्टरेट मिळाली होती, डोक्यात हवा होती. एका अभ्यासमंडळात एका खेड्यातले प्राथमिक शिक्षक एक निबंध घेऊन आले. त्यांचे म्हणणे असे, की घरी वऱ्हाडी बोलणाऱ्या पोराला ह्रस्व-दीर्घ कानाने कळत नाही, तर त्याचे गुण कापण्याऐवजी नियमच पुन्हा तपासावेत. निबंधात एक शब्द त्यांनी चुकीच्या अर्थाने वापरला होता. आम्ही तो शब्द धरला. नवकंबल! तीन मिनिटे त्या शब्दावर बोललो, सभा हसली. आम्ही मूळ प्रश्नाकडे वळलोच नाही. ते गुरुजी कागद घडी करून खिशात घालत होते, ते अजून दिसते. पुन्हा ते मंडळात आले नाहीत. तो वाद आम्ही जिंकलो, असं त्या दिवशी सगळे म्हणाले.

पुढे कॉलेजात वर्षानुवर्षे खेड्यांतून आलेल्या मुलांचे पेपर तपासले. विचार स्वच्छ आणि पान लाल, असे कितीतरी पेपर हातातून गेले. तेव्हा कळले की गुरुजींचा प्रश्न खरा होता. उत्तर कदाचित वेगळे असेल, पण प्रश्न खरा होता, आणि तो विचारणारा माणूस आम्ही घालवला. त्यांच्याकडे आणखी काय होते ते आता कधीच कळणार नाही. त्यांच्याकडे जाऊन माफी मागायचे ठरवले तोवर ते राहिले नव्हते.

म्हणून त्या मुलीचे वाक्य लागले. काय चूक ते तरी सांगा. गुरुजीही हेच म्हणाले असते.

तिची पुढची गोष्ट बरी आहे. वर्षभराने तिने दुसऱ्या एका भाषेत दुसरी सूचना मांडली. तिथल्या एका अनुभवी माणसाने तिचे म्हणणे आपल्या शब्दांत पुन्हा लिहिले आणि विचारले, तुम्हाला असेच म्हणायचे आहे ना? ती हो म्हणाली. मग त्याने तीन कारणे देऊन सूचना नाकारली. होय, नाकारली! पण ती अजून तिथे आहे, आणि आता नव्याने आलेल्यांच्या सूचना वाचायचे काम तीच करते. नकारानं माणूस जात नाही हो. अवहेलनेने जातो.

आम्ही तिला तीन गोष्टी सांगितल्या, त्याच तुम्हाला सांगून थांबतो. उत्तर देण्याआधी समोरच्याचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा शब्दांत मांडावे. आपल्या मनात कोण आहे, वाचणारा की लिहिणारा, जुना की नवा, हे उघड सांगावे. आणि जे नाकारले ते कारणासह लिहून ठेवावे, कारण दहा वर्षांनी तोच प्रश्न दुसरे कोणी तरी विचारणार आहे.



प्रश्नोत्तरांतून

प्रश्न: सर, समोरचा वितंडाच करत असेल, तर आपण एकट्याने वाद कसा ठेवायचा?

उत्तर: चांगला प्रश्न. जुन्यांनी जल्प-वितंडेला अगदीच टाकून दिलेले नाही. कोवळ्या रोपाभोवती जसे काटेरी कुंपण घालतात, तसा त्यांचा उपयोग सांगितला आहे. पण कुंपण म्हणजे पीक नव्हे. आमचा अनुभव असा, की समोरच्याला एकदा विचारावे, तुमचा पक्ष कोणता? त्याला पक्ष नसेल तर त्याच्याशी बोलणे थांबवावे, आणि ऐकणाऱ्यांसाठी आपली कारणे नीट लिहून ठेवावीत. त्या अभ्यासमंडळात त्या दिवशी कोणी उठून आम्हाला एवढे विचारले असते, की प्राध्यापकसाहेब, शब्द राहू द्या, गुरुजींच्या प्रश्नावर तुमचे मत काय, तर बरे झाले असते. आमच्याकडे मत नव्हते. आम्ही गप्प बसलो असतो, आणि गुरुजींना पुढे बोलता आले असते.